बादलीतला अटलांटिक

अटलांटिक महासागरात हरिकेनचा हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. त्याच्या दोन महिने आधीपासून हवामानशास्त्रज्ञांचे लक्ष पाण्याकडे लागते. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून कॅरिबियन समुद्रापर्यंत, १० ते २० उत्तर अक्षांशांच्या दरम्यान पसरलेला पट्टा यंदा किती तापला आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, कारण सर्वांत जबर वादळांपैकी बहुतेक याच पट्ट्यात मूळ धरतात. हा प्रश्न विचारण्याची रीत मात्र अलीकडची आहे. समुद्राच्या पाण्याचे तापमान मोजण्याचा उद्योग अडीचशे वर्षांचा, पण त्यातली पहिली पावणेदोनशे वर्षे वादळांशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

सुरुवात टपालातून झाली. बेंजामिन फ्रँकलिन अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींच्या टपालखात्याचा अधिकारी असताना, इंग्लंडमधल्या फालमथहून न्यूयॉर्कला येणारी टपालाची जहाजे व्यापारी जहाजांपेक्षा पंधरवडाभर उशिरा पोचतात, अशी तक्रार पुढे आली. खुलासा केला तो नॅनटकेट बेटावरच्या टिमथी फोल्जर या त्याच्या नात्यातल्या कप्तानाने. देवमाशांची शिकार करणाऱ्यांना गल्फ स्ट्रीम या प्रवाहाच्या कडा पाठ होत्या, कारण देवमासे त्या कडेलाच सापडत. टपालाची जहाजे मात्र प्रवाहाच्या ऐन मध्यातून उलटी रेटली जात, आणि साध्या शिकाऱ्यांचा सल्ला त्यांच्या कप्तानांना कमीपणाचा वाटे. १७७५ साली अमेरिकेला परतताना फ्रँकलिनने दिवसातून अनेकदा तापमापी पाण्यात सोडून पाहिली. प्रवाहात पाणी उबदार, बाहेर गार. तापमापी ही त्याच्या दृष्टीने वाट दाखवणारी वस्तू होती.

पुढे अमेरिकी नौदलातल्या मॅथ्यू फाँटेन मॉरी याने जुन्या नोंदवह्या धुंडाळून वाऱ्यांचे आणि प्रवाहांचे नकाशे तयार केले. त्याच्या खटपटीने १८५३ साली ब्रुसेल्सला दहा देशांची परिषद भरली आणि जहाजावर काय, केव्हा, कसे नोंदवायचे याचा नमुना ठरला. त्यात पाण्याच्या तापमानाचाही रकाना होता. हजारो खलाशांनी तो नेमाने भरला. आज शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या समुद्राविषयी जे काही सांगता येते, ते मुख्यतः या रकान्याच्या जोरावर.

रकाना भरण्याची कृती साधी होती. दोरीला बांधलेली बादली कठड्यावरून खाली सोडायची, भरली की वर ओढायची, तापमापी आत बुडवायची, पारा स्थिरावेपर्यंत थांबायचे आणि आकडा वाचायचा. सुरुवातीच्या बादल्या लाकडी होत्या, नंतर कॅनव्हासच्या आल्या. कॅनव्हासची बादली घडी घालून ठेवता येई, पण तिच्या अंगातून पाणी पाझरे, डेकवरच्या वाऱ्यात ते उडून जाई आणि माठातल्यासारखे आतले पाणी गार होई. अर्ध्या अंशाच्याही आतला हा फरक जहाज हाकायला नगण्य होता. शतकभरात समुद्र किती तापला हे काढू पाहणाऱ्याला तोच फरक डोंगराएवढा.

दुसऱ्या महायुद्धात आणखी एक घोळ झाला. रात्री डेकवर दिवा लावून तापमापी वाचणे म्हणजे शत्रूच्या पाणबुडीला आमंत्रण. इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचे तापमान नोंदवणे अधिक सोयीचे होते, आणि अमेरिकी जहाजांवर ती पद्धत रुळली. इंजिनघरातल्या उष्णतेने हे पाणी थोडे गरम लागे. युद्ध संपल्यावर ब्रिटिश जहाजांच्या बादलीने घेतलेल्या नोंदी पुन्हा वाढल्या आणि १९४५ साली जगाचा समुद्र एकाएकी गार झाल्याचे आलेखात दिसू लागले. समुद्र गार झाला नव्हता, मोजणारे बदलले होते. हे नीट उलगडायला २००८ साल उजाडावे लागले.

वादळांचा अभ्यास या काळात वेगळ्याच वाटेने चालला होता. हवानातल्या बेलेन महाविद्यालयाचे जेझुइट पाद्री बेनितो विन्येस १८७५ साली हरिकेनचा इशारा देत होते तो ढगांची ठेवण आणि हवेचा दाब पाहून. पाण्याच्या तापमानाचा धागा पक्का जोडला तो फिनलंडच्या एरिक पाल्मेन यांनी. समुद्राचे पाणी २६ ते २७ अंश सेल्सिअसच्या वर असेल तिथेच हरिकेन जन्म घेतात, हे त्यांनी १९४८ साली दाखवले. त्यामागचे कारण असे की, गरम पाण्याची वाफ हवेत चढते आणि वर तिचे ढग होताना साठलेली उष्णता बाहेर पडते. वादळ या उष्णतेवर पोसले जाते.

हंगामाआधी, वसंतात, हे पाणी किती तापते याचा संबंध वाऱ्याशी आहे. अझोर्स बेटांजवळचा जास्त दाबाचा प्रदेश दुबळा असला की व्यापारी वारे मंदावतात, वाफ कमी होते, खालचे गार पाणी वर घुसळले जात नाही आणि पृष्ठभाग तापतो.

सारा महासागर एका नजरेत दिसू लागला तो उपग्रहांमुळे, पण त्यांनीही लगेच दगा दिला. १९८२ साली मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीची धूळ आड आली, उपग्रहांना पाणी गार भासू लागले आणि प्रशांत महासागरातला शतकातला एक मोठा एल निनो, म्हणजे तिथले पाणी नेहमीपेक्षा तापण्याची घटना, बराच काळ कोणाच्या लक्षात आला नाही. एल निनोच्याच आधारावर कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या विल्यम ग्रे यांनी १९८४ साली अटलांटिक हंगामाचे पहिले भाकीत प्रसिद्ध केले. पाण्याचे तापमान त्यात आले खरे, पण परक्या महासागराचे! एल निनोच्या वर्षी अटलांटिकवर खालचे आणि वरचे वारे एकमेकांशी फटकून वाहतात आणि वादळाचा खांब मोडतो, हे त्यातले मर्म. (मान्सून ऐन भरात असताना अरबी समुद्रावरही असेच घडते. कोकणाला चक्रीवादळाची धास्ती मान्सूनच्या आगेमागे असते, ती बरीचशी त्यामुळेच.)

अटलांटिकचे स्वतःचे पाणी भाकिताच्या मध्यभागी आले ते १९९५ नंतर. १९७० च्या आसपास सुरू झालेली शांत वर्षे त्या साली १९ नामांकित वादळांनी संपवली. २००५ साली ठरलेल्या नावांची यादी संपून ग्रीक अक्षरे वापरावी लागली. २०२० मध्ये ३० वादळांना नावे द्यावी लागली आणि ग्रीक अक्षरे पुन्हा कामी आली. २०२३ साली जोरदार एल निनो असूनही पाणी विक्रमी तापलेले होते, आणि वीस नामांकित वादळे झाली.

२०२४ च्या मे महिन्यात तर आफ्रिका ते कॅरिबियन या पट्ट्यातले पाणी एरवीच्या ऑगस्टइतके गरम होते. कोलोरॅडोच्या गटाने एप्रिलमध्येच २३ नामांकित वादळे आणि त्यांपैकी ११ हरिकेन असे भाकीत केले होते. एवढे मोठे आकडे त्यांनी एप्रिलमध्ये कधीच दिले नव्हते. २ जुलैला ‘बेरिल’ पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीला पोचले. इतक्या लवकर तिथवर जाणारे अटलांटिकमधले ते पहिलेच. मग २० ऑगस्ट ते ९ सप्टेंबर, हंगाम ऐन भरात असताना, एकही नवे वादळ उठले नाही. पाणी तापलेलेच होते. आफ्रिकेवरून येणाऱ्या हवेच्या लाटा नेहमीपेक्षा उत्तरेला सरकल्या होत्या आणि वातावरणाचा वरचा थरही उबदार असल्याने वाफेला चढायला वाव मिळत नव्हता. भाकीत फसले असे लोक म्हणू लागले. सप्टेंबरअखेर ‘हेलेन’ आणि ऑक्टोबरात ‘मिल्टन’ फ्लोरिडावर येऊन आदळली. हंगाम संपला तेव्हा नामांकित वादळे १८ भरली, भाकितापेक्षा पाचाने कमी. हरिकेन मात्र बरोबर ११.