हिरव्या डोंगराचा खर्च कुणी दिला?

दक्षिण वेल्सला सहलीला गेलात, तर ॲबरडेअरजवळचं डेअर व्हॅली कंट्री पार्क जरूर बघा. तळी, झाडं, मुलांना हुंदडायला मोकळं रान. इथे एकेकाळी कोळशाच्या खाणी होत्या, हे सांगूनही पटत नाही. खाणींच्या पडीक जमिनीवर १९७३ मध्ये हे उद्यान झालं. अशा जमिनींकडे सरकारचं लक्ष वळायला मात्र शेजारच्या खोऱ्यातल्या ॲबरफॅन गावाला फार मोठी किंमत मोजावी लागली.

खाणीतून कोळशाबरोबर दगडमातीही निघते. चंद्रपूर-वणीकडच्या आपल्या श्रोत्यांना असे मातीचे डोंगर ओळखीचे असतील. ॲबरफॅनला ते गावाच्या माथ्यावर रचले होते आणि सात नंबरचा ढीग तर चक्क झऱ्यांवर! २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी पाण्यानं भिजलेला तो ढीग घसरला आणि पँटग्लास शाळेवर आला. १४४ जण गेले, त्यांत ११६ मुलं. चौकशीत दोष नॅशनल कोल बोर्डावर आला.

उरलेले ढीग हलवा, एवढंच गावकरी मागत होते. बोर्ड सगळा खर्च उचलायला तयार होईना. शेवटी लोकांनी ॲबरफॅनसाठी पाठवलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले. म्हणजे ज्यांची लेकरं गेली, त्यांच्याच पैशानं ढीग हलले! ती रक्कम १९९७ मध्ये परत मिळाली, तीही व्याजाविना. पुढे २००७ मध्ये वेल्सच्या सरकारनं आणखी वीस लाख पौंड दिले.

दरम्यान १९६९ मध्ये ढिगांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. ढीग उतरवून, उतार सपाट करून, पाण्याला वाट काढून त्यावर गवत आणि झाडं लावायचं काम वेल्सभर सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही. वेल्समध्ये आजही अडीच हजारांवर जुने ढीग आहेत. फेब्रुवारी २०२० च्या वादळी पावसात टायलर्सटाउनचा एक ढीग घसरलाच. नशिबानं जीवितहानी झाली नाही.

कोळसा काढतानाच जमीन पूर्ववत करायचा खर्च बाजूला ठेवला नाही, तर तो पुढे कुणाच्या तरी माथी बसतोच. तेव्हा मंडळी, वेल्सला जाल तेव्हा ॲबरफॅनलाही थांबा. शाळेच्या जागी आता स्मृतिउद्यान आहे. तिथे दोन मिनिटं बसा आणि ही गोष्ट मुलांना सांगा.