प्रारंभिक गर्भावस्थेतील संप्रेरक-पातळीचे मापन : एक ऐतिहासिक आढावा

पाळी चुकणे, मळमळ, थकवा या लक्षणांवरून गर्भधारणेचा अंदाज बांधण्याची रीत जुनी आहे. तथापि निश्चित निदानासाठी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत काही महिने थांबावे लागे. ही प्रतीक्षा कमी करणारा शोध १९२७-२८ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात लागला. सेल्मार आशहाइम व बर्नहार्ड झोंडेक यांनी गर्भवती स्त्रीचे मूत्र कोवळ्या मादी उंदरांना टोचले. सुमारे १०० तासांनी उंदरांची अंडाशये तपासली असता ती अकाली परिपक्व झालेली व त्यांवर रक्ताचे ठिपके उमटलेले दिसत. मूत्रातील एका संप्रेरकाचा हा परिणाम होता. मात्र ते पीयूष ग्रंथीतून स्रवते, हा या संशोधकांचा समज चुकीचा ठरला. १९३८ मध्ये बाल्टिमोर येथे जॉर्ज गे, जॉर्जियाना सीगर व लुईस हेलमन यांनी वारेच्या पेशी काचपात्रात वाढवून ते संप्रेरक त्याच पेशी तयार करतात, हे दाखवले. ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन अर्थात एचसीजी ते हेच. तोपर्यंत आशहाइम व झोंडेक या दोघाही ज्यू संशोधकांना नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागली होती.

पुढे १९३१ मध्ये अमेरिकेत फ्रीडमन यांनी उंदरांऐवजी ससे वापरले. 'ससा मेला' म्हणजे दिवस गेले, असा वाक्प्रचार तिकडे रूढ झाला. वस्तुतः निकाल कोणताही असो, ससा मारलाच जाई. दक्षिण आफ्रिकेतील बेडकीवर आधारलेल्या चाचणीत ही हिंसा टळली. गर्भवतीचे मूत्र टोचल्यावर बेडकी काही तासांतच अंडी घाली आणि ती पुन्हा वापरता येई.

या सर्व चाचण्यांचे उत्तर प्रामुख्याने 'होय' किंवा 'नाही' असेच असे. १९६० मध्ये स्वीडनमधील वीडे व गेमझेल यांनी प्रतिपिंडांवर आधारित चाचणी मांडली आणि प्राण्यांची गरज संपत गेली. परंतु एचसीजी व पीयूष ग्रंथीतील एलएच यांची एक साखळी समान असल्याने प्रतिपिंडांची गफलत होई. रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांनी इन्शुलिनसाठी विकसित केलेली किरणोत्सारी मापनपद्धती वापरून १९७२ मध्ये वैतुकायटिस, ब्राउनस्टीन व रॉस यांनी एचसीजीची वेगळी असलेली बीटा साखळी नेमकी ओळखली. आता अत्यल्प पातळीही आकड्यात मांडता येऊ लागली.

खरा प्रश्न येथूनच सुरू झाला. निरोगी गर्भांतही एकाच दिवशीच्या पातळीत मोठी तफावत असते. आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास ती शिखर गाठून उतरू लागते. त्यामुळे सुटा आकडा फारसे काही सांगत नाही, वाढीचा वेग सांगतो. गर्भाशयाबाहेरील गर्भ वेळीच ओळखता यावा, यासाठी १९८१ मध्ये कादर व सहकाऱ्यांनी ४८ तासांत किमान ६६ टक्के वाढ हा निकष सुचवला. हेतू रास्त होता, कारण असा गर्भ फुटल्यास स्त्रीच्या जिवावर बेतते. पण या निकषाखाली सुमारे १५ टक्के निरोगी गर्भही येत होते, ही गोष्ट व्यवहारात बरेचदा नजरेआड झाली. निकष यांत्रिकपणे लावला, तर हवाहवासा, वाढणारा गर्भ औषधाने संपवला जाण्याचा धोका होता. २००४ मध्ये बार्नहार्ट व सहकाऱ्यांनी निरोगी गर्भातील सर्वांत मंद वाढ दोन दिवसांत ५३ टक्के असल्याचे मांडले.

अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा उंबरठा आणखी खाली आणला व तो आरंभीच्या पातळीशी जोडला. दर मिलिलिटरमागे १,५०० मिलि-एककांहून कमी पातळीसाठी किमान ४९ टक्के, १,५०० ते ३,००० साठी ४० टक्के आणि त्याहून अधिक पातळीसाठी ३३ टक्के वाढ अपेक्षित धरली गेली. सोनोग्राफीचा निष्कर्ष व स्त्रीची लक्षणे पाहिल्याविना केवळ या आकड्यांवरून निदान करू नये, असेही त्याच सूचनांत नमूद आहे.