नीरेच्या कालव्यापूर्वींची व कालव्यानंतरची भूमिपरीक्षा

एखाद्या प्रदेशाचें रूप पालटणारें मोठें काम हातीं घेण्यापूर्वीं तेथील भूमि व जल यांची परीक्षा करावी, आणि काम पुरें झाल्यावर पुन्हां परीक्षा करून ताळा पाहावा, हा दंडक आपल्याकडे कायद्यानें अलीकडेच आला. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालीं १९९४ सालीं निघालेल्या अधिसूचनेनें पूर्वपरीक्षा सक्तीची केली. २००६ च्या अधिसूचनेनें तिची नवी घडी बसविली. परंतु अशा परीक्षेचा इतिहास याहून पुष्कळ जुना असून त्यांतील एक बोधप्रद प्रकरण नीरा नदीच्या खोऱ्यांत घडलेलें आहे. त्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

१८७६-७७ च्या दुष्काळानें पुणें प्रांताचा पूर्वभाग होरपळून निघाला. त्यानंतर बारामती-इंदापुराकडील अवर्षणग्रस्त भागासाठीं नीरा डावा कालवा काढण्यांत आला. तो १८८५ सालीं वाहूं लागला, व त्यास पाणी पुरविणारें भाटघरचें पहिलें धरण १८९२ सालीं पुरें झालें.

या मुलखांतील जमिनीची कालव्यापूर्वींची परीक्षा सरकारदप्तरीं होती काय? होती, मात्र ती कालव्यासाठीं केलेली नव्हती. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनीं याच इंदापूर तालुक्यांत नव्या पद्धतीची पहाणी केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानें तिचे नियम निश्चित झाले. मातीचा रंग व पोत पाहून आणि पावणेदोन हातांपर्यंत खोली मोजून जमिनीची प्रत लावीत. चुनखडी, वाळू, उतार, पाणी न झिरपणें, उपळ असणें इत्यादि दोषांबद्दल प्रत उतरवीत. खोल काळ्या जमिनीस सोळा आण्यांची पहिली प्रत मिळे. जिराईत साऱ्यासाठीं ही रीति योग्यच होती. परंतु पावणेदोन हातांखालीं काय आहे, हें पाहण्याचें त्या कामदारांस प्रयोजनच नव्हतें.

कालवा आल्यावर ऊंस वाढला आणि पाणी बारमाही मुरूं लागलें. काळी चिकण माती पाणी धरून ठेवते, खालीं लवकर उतरूं देत नाहीं. त्यामुळें भूगर्भांतील पाण्याची पातळी चढत गेली, तें पाणी पृष्ठभागाजवळ येऊन उन्हानें उडून गेलें व त्यांत विरघळलेले क्षार वर उरले. ओढ्यालगतच्या सखल जमिनी प्रथम चिबड झाल्या, मग त्यांवर पांढरा थर चढला. जिराईत हिशेबांत जी खोल काळी जमीन सोळा आण्यांची, तीच पाटाच्या पाण्याखालीं सर्वांत धोक्याची ठरली. आणि हलक्या मुरमाड जमिनीनें पाण्याचा निचरा करून आपला जीव वांचविला.

या बिघाडाचें शास्त्रीय विवेचन डॉ. हॅरॉल्ड मान व श्री. तम्हाणे यांनीं नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवरील आपल्या ग्रंथांत १९१० सालीं केलें. म्हणजे उत्तरपरीक्षा कालव्यानंतर पंचवीस वर्षांनीं झाली. १९१६ सालीं मुंबई सरकारनें पाटपाण्याची पद्धत सुधारणें व चिबडीवर उपाय शोधणें यांसाठीं एक खास शाखा काढली. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत् संशोधन संस्थेचें मूळ तेथेंच आहे.

या हानीचा सर्व दोष शेतकऱ्याच्या हावरेपणावर लादण्याची चाल आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. पाणीपट्टी पिकाच्या एकरावर बसे, पाण्याच्या मापावर नव्हे. मग पाणी राखून वापरण्याची प्रेरणा त्यास कोठून व्हावी? शिवाय वरच्या शेतांत मुरलेलें पाणी खालच्याच्या शेतांत फुटतें; एकाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटा होतो.

पुढें या अनुभवाचें चीज झालें. १९३२ सालीं पाडेगांवास ऊंस संशोधन केंद्र निघालें, आणि नीरा उजवा व प्रवरा या कालव्यांखालील जमिनींचें बसू व शिरूर यांनीं केलेलें वर्गीकरण १९३८ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत वरची माती नव्हे, तर मातीचे सर्व थर व त्यांची घडण हा आधार धरला होता. पहाणीकामदाराची कुदळ जेथें थांबली होती, तेथून पुढें ही परीक्षा गेली.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, एका हेतूनें केलेली परीक्षा दुसऱ्या हेतूस पुरत नाहीं. दुसरी काळाची. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें प्रकल्पाच्या अटी पाळल्याचा अहवाल दरवर्षीं १ जून व १ डिसेंबर रोजीं द्यावा लागतो. अटी पाळल्या कीं नाहीं हें सहा महिन्यांत कळेल; पण क्षार सहामाही हिशेबानें वर येत नाहींत. यास्तव जुन्या प्रतबंदीचीं दप्तरें व आजच्या मृत्परीक्षेचे निकाल सर्व्हे नंबरवार शेजारीं ठेवून पाहणें अवश्य आहे. तीं दप्तरें केवळ साऱ्याचा इतिहास नव्हेत. कालव्यापूर्वींच्या भूमीची ती साक्ष आहे, आणि ती जपून वाचणें हें संशोधकांचें कर्तव्य होय.