सरडा कुठे बसवायचा?

रॉजेटच्या थिसॉरसमध्ये रंग बदलणारा सरडा दोन ठिकाणी आहे. १९११च्या आवृत्तीत क्रमांक ४४० उघडा. मोर, ट्यूलिप, फुलपाखरू, चित्ता, शिंपल्याच्या आतली झाक, संगमरवर, बुद्धिबळाचा पट आणि तुकडे जोडून शिवलेली गोधडी यांच्या रांगेत तो दिसतो. एकाच अंगावर अनेक रंग, हा तिथला विषय. क्रमांक १४९वर तो पुन्हा भेटतो, पण तिथले शेजारी वेगळे: चंद्र, पारा, छपरावरचा वारा दाखवणारा कोंबडा, एप्रिलमधल्या सरी. इथे रंगांशी कर्तव्य नाही, एका स्थितीत न टिकण्याशी आहे.

मी इंग्रजीतून मराठीत कामकाजी मजकूर आणतो. बियाण्याच्या माहितीपत्रकात ‘व्हरायटी’ म्हणजे वाण, बांधकामाच्या कंत्राटात ‘व्हेरिएशन’ म्हणजे ठरलेल्या कामात मागाहून केलेला बदल, आणि यंत्राच्या तपासणी अहवालात ‘डेव्हिएशन’ म्हणजे नेमून दिलेल्या मापापासून ढळणं. सगळीकडे ‘फरक’ लिहून हात झटकता येत नाहीत. म्हणून हा कोश टेबलावर असतो, आणि तो समानार्थी शब्दांची पोतडी म्हणून वापरला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं. तो रचला गेला होता निराळ्याच हेतूने.

पीटर मार्क रॉजेट पेशाने डॉक्टर. जन्म १७७९चा, लंडनमधला. वडील धर्मोपदेशक होते आणि मुलगा चार वर्षांचा असतानाच ते गेले. १८०४मध्ये रॉजेट मँचेस्टरच्या रुग्णालयात रुजू झाला आणि १८०५मध्ये त्याने स्वतःच्या लिखाणासाठी शब्दांची एक वर्गवार वही तयार केली. छापण्याचा विचार तेव्हा नव्हता. १८१८मध्ये त्याचे मामा सर सॅम्युएल रोमिली यांनी पत्नी वारल्यावर चार दिवसांत जीव दिला. त्यांच्यावर उपचार करायला धावलेला डॉक्टर हा भाचाच होता. याद्या करणं हा त्याचा दुःखावरचा उतारा होता, असं चरित्रकार सांगतात. असेलही. मला मात्र त्याच्या हातातली मोजपट्टी जास्त बोलकी वाटते. १८१५मध्ये त्याने घात आणि मुळं काढून देणाऱ्या सरकपट्टीवर निबंध छापला. १८२४मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याचा आणखी एक निबंध वाचला गेला: उभ्या फटींमधून पाहिलं तर धावत्या चाकाचे सरळ आरे वाकलेले का दिसतात? आरे बदलत नाहीत, मग जे बदललेलं दिसतं ते नेमकं काय आहे, असा प्रश्न पडणारा माणूस होता तो.

पुढे वीसेक वर्षं तो रॉयल सोसायटीचा सचिव होता. १८४८मध्ये त्यातून मोकळा झाल्यावर त्याने जुनी वही बाहेर काढली, आणि १८५२मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, लाँगमन कंपनीने त्याचा कोश छापला. सहा मोठे वर्ग आणि त्यांखाली एक हजार क्रमांक. पहिला ‘अस्तित्व’, शेवटचा ‘देऊळ’. प्राणी-वनस्पतींची वर्गवारी जशी लावतात त्या पद्धतीने त्याला कल्पनांची लावायची होती.

पानांची मांडणी बघण्यासारखी आहे. परस्परविरुद्ध कल्पना दोन रकान्यांत समोरासमोर छापलेल्या. १४०वर ‘बदल’, त्याच्यासमोर १४१वर ‘टिकून राहणं’. पण बदलाची इंग्रजी शब्दसंपत्ती या एका रकान्यात मावली नाही. भिन्नता अगदी सुरुवातीला, १५व्या क्रमांकावर गेली. ‘व्हेरिएशन’ तर १९११च्या आवृत्तीत ‘अनुकरण’ आणि ‘अनुकरण नसणं’ यांच्या लगेच मागे, २० या आकड्याला इंग्रजी ‘ए’ जोडून बसवलेला आहे. हजाराचा आकडा मोडू नये म्हणूनच ते अक्षर जोडलं असावं. मला ही जागा फार मोलाची वाटते. मूळ काहीतरी आहे, त्याची नक्कल होऊ शकते, आणि नक्कल करता करता थोडं ढळलं की जे उरतं ते व्हेरिएशन. एवढी बारीक गोष्ट केवळ जागेवरून कळते.

दुर्दैवाने ही जागाच वाचकांच्या नजरेआड गेली. रॉजेट १८६९मध्ये वारला. त्याचा मुलगा जॉन लुईस याने १८७९च्या आवृत्तीत मागची सूची खूप वाढवली. तेव्हापासून माणूस सूचीतून आत शिरतो, शब्द उचलतो आणि बाहेर पडतो. पुढे तर कित्येक प्रकाशकांनी वर्ग मोडून सगळं अकारविल्हे लावून टाकलं. तिथे सरड्याला शेजारी उरत नाहीत.

आता रॉजेटशी माझं भांडण. आपल्याआधी असा प्रयत्न कोणी केला होता, याची नोंद त्याने प्रस्तावनेच्या तळटीपेत दिली आहे, आणि तिथे सर्वात जुना म्हणून अमरसिंहाच्या संस्कृत अमरकोशाचं नाव आहे. हेन्री कोलब्रुकने केलेलं त्याचं इंग्रजी रूप १८०८मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं होतं, ते त्याला माहीत होतं. पण ही वर्गवारी अत्यंत अपुरी आणि गोंधळाची आहे, विशेषतः अमूर्त कल्पना आणि मनोव्यापार यांच्या बाबतीत, असा शेरा मारून तो मोकळा झाला.

आजोबांनी आमच्याकडून अमरकोश पाठ करून घेतला होता, म्हणून हा शेरा मला बोचतो. पहिल्या कांडातला धीवर्ग घ्या. सुरुवात बुद्धीच्या नावांनी होते. मग संशय, निश्चय, भ्रम, ज्ञान. मग इंद्रियांचे विषय, चवी, गंध आणि शेवटी रंग. पांढरा, काळा, पिवळा, तांबडा असं करत अमरसिंह रंगीबेरंगीपर्यंत येतो: चित्र, किर्मीर, शबल, कल्माष, कर्बुर, एत. रॉजेटचा ४४० क्रमांक तरी कुठे आहे? स्पर्श, चव, गंध, ध्वनी आणि प्रकाश या संवेदनांच्या ओळीत, प्रकाशाखाली. म्हणजे चवी, गंध आणि रंग यांना दोघांनीही इंद्रियांच्या दारातूनच आत घेतलं. फरक इतकाच की रॉजेटने संवेदना सजीव द्रव्याच्या घरात ठेवल्या आणि बुद्धीला पुढचं वेगळं घर दिलं. अमरसिंहाने शेकडो वर्षांपूर्वी दोघांना एकाच छपराखाली ठेवलं होतं. मोराच्या पिसाऱ्यात अनेक रंग आहेत हे डोळा आणि बुद्धी मिळून ठरवतात, असं मानणाऱ्याने रंग धीवर्गात घालणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. रॉजेटला तो पटला नसता, तरी तो गोंधळ म्हणून निकालात काढण्यासारखा नव्हता.