रोजा आणि बोर्डाचा पेपर एकाच दिवशी: झोप, सहेरी, नमाज आणि अभ्यासाचं गणित कसं बसवायचं?

सकाळी अकराला पेपर आणि पहाटे पावणेसहापासून रोजा. महाराष्ट्रातले दहावी-बारावीचे हजारो मुस्लीम विद्यार्थी गेली काही वर्षं हे दोन्ही एकत्र सांभाळत आहेत आणि पुढची काही वर्षंही सांभाळणार आहेत. अशा वेळी घराघरात तेच प्रश्न निघतात. रोजा धरून पेपर नीट जाईल का? तरावीहला जायचं की झोपायचं? शुक्रवारी पेपर असेल तर जुम्माच्या नमाजचं काय? तीनचा पेपर असेल तर इफ्तार कुठे करायची?

यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं घड्याळ, झोप आणि ताटातल्या जेवणात सापडतात. उरलेल्यांसाठी डॉक्टर किंवा मौलानांना वेळेत विचारावं लागतं.

रमजान परीक्षेच्या दिवसांत कसा आला?

इस्लामी कालगणना चंद्रावर चालते. तिचं वर्ष साधारण 354 दिवसांचं असतं, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा 10 ते 11 दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो.

2023 मध्ये भारतात पहिला रोजा 24 मार्चला होता आणि दहावीची परीक्षा 25 मार्चला संपली. म्हणजे जेमतेम शेवट सापडला. 2024 मध्ये रोजे 12 मार्चला सुरू झाले, तर 2025 मध्ये 2 मार्चला. 2026 साठी दहावीची लेखी परीक्षा 20 फेब्रुवारी ते 18 मार्च अशी ठरली आणि रमजानही 19 फेब्रुवारीच्या आसपासचा. म्हणजे जवळपास अख्खी परीक्षा रोज्यांत.

2027 मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल आणि बारावीचे बरेचसे पेपर त्यात येतील. 2028 मध्ये तो जानेवारीच्या अखेरीस येईल, तेव्हा प्रॅक्टिकल आणि बारावीचे सुरुवातीचे पेपर त्यात सापडू शकतात. त्यानंतर तो हळूहळू परीक्षेच्या आधीच संपू लागेल. नक्की तारीख अर्थातच चंद्रदर्शनावर ठरते.

दिवसाचं घड्याळ नेमकं कसं असतं?

फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत मुंबई-पुण्याकडे सहेरी साडेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान संपते आणि इफ्तार पावणेसातच्या सुमारास होते. म्हणजे रोजा साधारण 13 तासांचा. मे-जूनमधल्या रोज्यांपेक्षा हा काळ सोपा, पण विदर्भ-मराठवाड्यात मार्चमध्येच ऊन तापायला लागतं.

बोर्डाचे पेपर दोन सत्रांत असतात. सकाळचं सत्र 11 वाजता आणि दुपारचं 3 वाजता सुरू होतं. विद्यार्थ्यांना अर्धा तास आधी केंद्रावर हजर राहावं लागतं. 2023 पासून शेवटी 10 मिनिटं वाढवून मिळतात, त्यामुळे तीन तासांचा पेपर 2.10 किंवा 6.10 ला संपतो. दहावीत गणित आणि विज्ञानाचे दोन्ही भाग 40 गुणांचे आणि दोन तासांचे असतात. ते सकाळच्या सत्रात 1.10 ला संपतात.

सकाळचा पेपर रोजेदारासाठी सोयीचा असतो, कारण सहेरीला पाच-सहा तासच झालेले असतात. दुपारचा पेपर खरा कस पाहतो. तो ऐन थकव्याच्या वेळी असतो आणि शेवटचा तास इफ्तारला जाऊन भिडतो.

रोज्यामुळे गुण कमी होतात का?

याचं एका शब्दात उत्तर नाही. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासक्रमाचे जितके जास्त आठवडे रमजानमध्ये आले, तितके मुस्लीम विद्यार्थ्यांचे गुण थोडे घसरल्याचं त्यात दिसलं. उलट मुस्लीमबहुल देशांतल्या आठवीच्या मुलांच्या निकालांवरून झालेल्या दुसऱ्या एका संशोधनात, जिथे रोजे जास्त तासांचे होते तिथे नंतरचे निकाल चांगले आल्याचं आढळलं. संशोधकांनी त्याचा संबंध मुलांमधल्या आपलेपणाशी आणि एकत्र पाळलेल्या शिस्तीशी जोडला.

ज्या समाजात सगळ्यांचीच दिनचर्या रमजानप्रमाणे बदलते, तिथे मुलांना त्रास कमी होतो. जिथे शाळा, क्लास आणि परीक्षा आपल्याच वेळेनं चालतात, तिथे ताण मुलांवर येतो. महाराष्ट्रातला विद्यार्थी बहुतेक वेळा दुसऱ्या परिस्थितीत असतो. म्हणून घरानं त्याची दिनचर्या सांभाळणं महत्त्वाचं.

सगळ्यात मोठा शत्रू भूक की अपुरी झोप?

रमजानमध्ये विद्यार्थ्यांचं नुकसान बहुतेक वेळा जागरणामुळे होतं. इफ्तार, मग ईशा आणि तरावीह, मग बाजारात एक चक्कर, मग मोबाइल आणि साडेचारला पुन्हा सहेरीला उठणं. यात झोप चार तासांवर येते आणि पाठ केलेलं पेपरात आठवत नाही. वाचलेलं मेंदूत पक्कं बसण्याचं काम झोपेतच होत असतं.

पेपरांच्या काळात हा आराखडा बऱ्याच जणांना जमतो:

- संध्याकाळी 6.45 ते 7.30: खजूर, पाणी, हलकी इफ्तार, मगरिबची नमाज.
- 7.30 ते 8: उजळणी किंवा विश्रांती.
- 8 ते 9.45: जेवण, ईशा, तरावीह.
- रात्री 10: झोप, मोबाइल दुसऱ्या खोलीत.
- पहाटे 4.45: सहेरी, फजरची नमाज.
- सकाळी 6.15 ते 9: अवघड विषयाचा अभ्यास.
- दुपारी: पेपर नसेल त्या दिवशी 20 ते 30 मिनिटांची डुलकी.

फजरनंतरचे अडीच-तीन तास सोन्यासारखे असतात. पोट भरलेलं असतं, घर शांत असतं, डोकं ताजं असतं. गणितं, संरचना आणि समीकरणं याच वेळेत करावीत. वाचन, व्याख्या आणि नकाशे दुपारी.

तरावीह सुन्नत आहे, फर्ज नाही. मशिदीत लांब तरावीह होत असेल तर पेपराच्या आदल्या रात्री ती घरी पढण्याचा पर्याय असतो. आपल्या मशिदीच्या इमामांशी हे रमजानच्या पहिल्याच आठवड्यात बोलून घ्यावं.

सहेरी आणि इफ्तारला काय खावं?

सहेरी चुकवून पेपराला बसणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सहेरीला हळूहळू पचणारं अन्न लागतं: ज्वारी किंवा नाचणीची भाकरी, चपाती, अंडी, डाळ, दही, केळं, मूठभर शेंगदाणे. फक्त चहा-पाव किंवा गोड शेवया खाल्ल्या तर दहा वाजताच भूक लागते. लोणचं, पापड, खारवलेले पदार्थ टाळावेत, कारण त्यानं तहान वाढते.

पाणी सहेरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत घटाघटा पिऊन उपयोग नाही, ते लघवीवाटे निघून जातं. इफ्तारपासून झोपेपर्यंत थोडं थोडं प्यावं. ज्यांना दिवसातून चार-पाच कप चहा लागतो, त्यांनी रमजानच्या आठवडाभर आधीपासून तो कमी करावा. नाहीतर पहिल्या दोन-तीन दिवसांत डोकं ठणकतं आणि दोष मात्र रोज्याला जातो.

इफ्तारला भजी, समोसे आणि सरबतावर ताव मारला की सुस्ती येते आणि रात्रीचा अभ्यास जातो. तळलेलं खाणं शेवटच्या पेपरानंतरही मिळणारच आहे.

दुपारचा पेपर आणि इफ्तारची वेळ

महाराष्ट्र पूर्व-पश्चिम पसरलेला आहे. नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा साधारण 25 मिनिटं आधी मावळतो, गोंदियात त्याहूनही आधी. फेब्रुवारीअखेर गोंदियाच्या विद्यार्थ्याचा 6.10 ला पेपर संपतो तेव्हा इफ्तारची वेळ झालेली असते किंवा अगदी काही मिनिटांवर असते. मुंबईच्या विद्यार्थ्याकडे घरी पोहोचायला अर्धा तास असतो, पण ट्रॅफिकमध्ये तोही जातो.

त्यामुळे दुपारच्या पेपराला बॅगेत दोन-तीन खजूर आणि पाण्याची बाटली ठेवावीच. बॅग वर्गाबाहेर ठेवावी लागते, म्हणून वर्गात काय चालेल हे केंद्रसंचालकांना आधीच विचारावं. इफ्तारचा वेळ दुसऱ्या शहराच्या तक्त्यावरून पाहू नये.

पेपर लिहितानाही क्रम बदलता येतो. जास्त गुणांचे, विचार करायला लावणारे प्रश्न पहिल्या दीड तासात सोडवावेत. जोड्या, रिकाम्या जागा, एका वाक्यातली उत्तरं यांना कमी ताकद लागते, ती नंतरही जमतात. अर्थात प्रश्नक्रमांक अचूक लिहिण्याची काळजी घेऊन.

नमाज आणि पेपर

सकाळचा पेपर 1.10 ला संपो वा 2.10 ला, जोहरची वेळ त्यानंतरही बराच काळ शिल्लक असते. तिथे घाई करायचं कारण नाही.

असरचं गणित थोडं वेगळं. महाराष्ट्रात बहुतेक मुस्लीम हनफी परंपरेचे आहेत, कोकणी मुस्लीम मुख्यतः शाफई. शाफई पद्धतीनं असर चारच्या आसपास सुरू होते, हनफी पद्धतीनं पाचच्या सुमारास, आणि ती मावळतीपर्यंत असते. 6.10 ला सुटलेल्या मुंबईच्या विद्यार्थ्याला वेळ मिळतो. पूर्व विदर्भात तो मिळेलच असं नाही, म्हणून तिथल्या विद्यार्थ्यांनी इमामांना आधी विचारून ठेवावं.

शुक्रवारी दोन तासांचा पेपर असेल तर जुम्मा मिळू शकतो. तीन तासांचा असेल तर उशिराची जमात कुठल्या मशिदीत होते ते आधी शोधावं. तीही नसेल तर काय करायचं, हे पेपराच्या आदल्या दिवशी मौलानांना विचारलेलं बरं. पेपर अर्धवट सोडून पळण्याची वेळ येऊ नये.

परीक्षेसाठी रोजा सोडता येतो का?

कुराणाच्या दुसऱ्या सूरेत आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सूट आहे. राहिलेले रोजे नंतर भरून काढायचे असतात. मासिक पाळीच्या दिवसांत मुलींनी रोजा धरायचा नसतो, तोही नंतर पूर्ण केला जातो. वयात न आलेल्या मुलांवर रोजा फर्ज नाही.

निव्वळ परीक्षा हे कारण बहुतेक उलेमा पुरेसं मानत नाहीत. मात्र चक्कर येणं, तब्येत बिघडणं, जिवाला धोका वाटणं अशा वेळी रोजा सोडण्याची मुभा आहे, यावर मोठं एकमत आहे. ब्रिटनमध्ये 2016 साली परीक्षा आणि रमजान एकत्र आले, तेव्हा तिथल्या शाळाप्रमुखांच्या संघटनेनं मुस्लीम अभ्यासकांशी बोलून मार्गदर्शक पत्रक काढलं होतं. आपल्याकडे शाळा आणि स्थानिक मशीद मिळून असं काही करू शकतात.

टाइप 1 मधुमेह, किडनीचा आजार, फिट्स, तीव्र रक्तक्षय असलेल्या विद्यार्थ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय रोजा धरू नये. मधुमेहींसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तातली साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा लगेच सोडायचा असतो. बोटाला टोचून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात.

पेपर चालू असताना डोळ्यांपुढे अंधारी आली, हात थरथरले, दरदरून घाम फुटला तर गप्प बसून सहन करू नये. पर्यवेक्षकांना लगेच सांगावं.

हिजाब आणि तपासणी

कॉपीमुक्त अभियानामुळे केंद्रावर झडती होते. हिजाब किंवा बुरखा घालणाऱ्या मुलींनी थोडं लवकर पोहोचावं आणि महिला कर्मचाऱ्यांकडून तपासणीची विनंती करावी. हॉल तिकीट हातातच ठेवावं.

नीटमध्ये पारंपरिक किंवा धार्मिक पोशाखातल्या उमेदवारांना तपासणीसाठी लवकर यायला सांगितलं जातं. केरळ उच्च न्यायालयानं 2016 मध्ये मेडिकल प्रवेश परीक्षेला हिजाब घालण्याची परवानगी देताना हीच अट घातली होती.

उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. नीट आणि जेईई मेन उर्दूतही देता येतात. एमएचटी-सीईटीमध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचा पेपर उर्दूत मिळतो, गणिताचा मात्र इंग्रजीतच असतो. म्हणून गणितातल्या इंग्रजी संज्ञांची उजळणी आधीपासून करावी.

घरच्यांनी काय करावं?

अनेक घरांत सहेरीचा स्वयंपाक आणि इफ्तारची तयारी परीक्षेला बसलेल्या मुलीच्याही वाट्याला येते. चार वाजता उठून पोळ्या लाटायच्या, संध्याकाळी पुन्हा फळं चिरायची आणि मधल्या वेळेत अभ्यास. तिच्याच वर्गातला भाऊ मात्र सहेरीच्या ताटावर उठतो. दुकान असलेल्या घरांत मुलांना रमजानच्या गर्दीत गल्ल्यावर बसवलं जातं. परीक्षेचे तीन-चार आठवडे ही कामं इतरांनी वाटून घेतली, तर मुलांना रोज दोन तास मिळतात. कुठल्याही महागड्या क्लासपेक्षा हे दोन तास जास्त कामाचे.

एखादा पेपर अवघड गेला म्हणून रोज्याला किंवा मुलाला बोल लावू नये. निकालानंतर बोर्डाची पुरवणी परीक्षा असते आणि परीक्षेच्या काळात बोर्ड समुपदेशकांचे फोन क्रमांकही जाहीर करतं. हॉल तिकीट मिळालं की ते क्रमांक, केंद्राचा पत्ता आणि आपल्या गावाचा सहेरी-इफ्तारचा तक्ता, तिन्ही एकाच कागदावर लिहून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवावं.