अंटार्क्टिकावर विमान उतरवताना हवामानाचा अंदाज कसा घेतात?

माझ्या फोनमधलं अ‍ॅप पाऊस सांगतं आणि तो पडत नाही, तेव्हा फार तर छत्री उगाच सांभाळावी लागते. पण अंटार्क्टिकाला निघालेल्या विमानासाठी अंदाज चुकला तर? हे शोधताना मला जे कळलं, ते थोडक्यात सांगतो.

परतीचा शेवटचा बिंदू
न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चपासून अमेरिकेचा मॅकमर्डो तळ सुमारे ३,८०० किलोमीटरवर आहे. वाटेत जवळजवळ सगळा समुद्रच. स्की लावलेल्या एलसी-१३० विमानाला साधारण ८ तास लागतात. वाटेतला एक बिंदू आधीच ठरवलेला असतो, 'पॉइंट ऑफ सेफ रिटर्न'. तो ओलांडला की परत फिरण्याइतकं इंधन उरत नाही. म्हणून त्याआधी मॅकमर्डोचा ताजा अंदाज घेतात. हवामान बिघडणार असं दिसलं, की विमान सरळ मागे वळतं.

अंदाज अवघड का?
आपल्या इन्सॅटसारखे उपग्रह विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. तिथून ध्रुव नीट दिसत नाहीत. त्यामुळे ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांवर भिस्त. पण ते थोडा वेळ दिसतात आणि पुढे जातात. जमिनीवर माणसं नाहीत, म्हणून स्वयंचलित हवामान केंद्रं, पण तीही विरळच. त्यात उतारावरून घसरत येणारी थंड, जड हवा बर्फ उडवते आणि धावपट्टी दिसेनाशी होते.

व्हाइटआउट
हवा स्वच्छ असूनही हे होतं. वर पांढरे ढग, खाली पांढरा बर्फ. सावली नाही, क्षितिज नाही. २८ नोव्हेंबर १९७९ ला एअर न्यूझीलंडचं पर्यटकांचं विमान एरेबस पर्वतावर आदळलं. मार्गाचे आकडे बदलल्याचं वैमानिकांना सांगितलं नव्हतं आणि समोरचा डोंगर त्या पांढरेपणात दिसलाच नाही. सगळे २५७ जण गेले.

आता काय वापरतात?
२००० पासून अमेरिकेच्या एनसीएआर संस्थेचं एएमपीएस हे खास अंटार्क्टिकासाठीचं संगणक मॉडेल अंदाज देतं. पण मॉडेलचा आकडा, उपग्रहाचं चित्र आणि धावपट्टीवरून आलेली खबर जुळवून बघतो तो माणूसच.

आपल्या 'मैत्री' तळाचे शास्त्रज्ञ केपटाउनहून विमानाने जातात, तेव्हा त्यांनाही हवा उघडायची वाट बघावी लागते. तिथे 'आज उड्डाण नाही' हासुद्धा चांगला अंदाजच असतो.