कूटलेखन, लघुव्यवसायाच्या ई-मेलचे

संगणकीय पत्रातील मजकुरावर गणिती संस्कार करून, ज्याच्यापाशी योग्य किल्ली आहे त्यालाच तो वाचता यावा अशी तजवीज करणे, म्हणजे कूटलेखन. बाजारात यास एन्क्रिप्शन हाच शब्द रूढ आहे. इचलकरंजीचा यंत्रमागधारक काय किंवा भोसरीचा सुटे भाग घडविणारा कारखानदार काय, दरपत्रके, बिले, बँकखात्यांचे तपशील आणि कामगारांचे कागद ज्या मार्गाने निर्धास्तपणे रवाना करतो, तो मार्ग मुळात गुप्ततेसाठी आखलेलाच नव्हता. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली एसएमटीपी हा पत्रवहनाचा नियमसंच सिद्ध केला, तेव्हा जाळ्यावरील मंडळी बहुतांशी विद्यापीठांतील व संशोधनसंस्थांतील होती. साहजिकच पत्र ज्या ज्या संगणकातून पुढे सरके त्याच्या चालकास ते वाचता येई, आणि खाली ज्याचे नाव आहे त्यानेच ते धाडले काय, हे पडताळण्याचीही सोय त्यात ठेवलेली नव्हती. गुप्ततेचा अभाव आणि प्रेषकाच्या ओळखीचा अभाव ही दोन वैगुण्ये निरनिराळी होत व त्यांचे उपायही निरनिराळे आहेत. व्यापारी मंडळी दोहोंची सरमिसळ करतात आणि फसगत बहुधा तेथेच होते.

पहिल्या वैगुण्यावरील सर्वांत स्वस्त उपाय वाटेपुरता आहे. १९९९ साली एसएमटीपीला स्टार्टटीएलएस या आज्ञेची जोड मिळाली आणि दोन मेल-सर्व्हरांमधील दळणवळण कूटबद्ध होऊ लागले. मात्र पलीकडचा सर्व्हर ही आज्ञा जाणत नसेल, किंवा मध्येच कोणी ती गाळून टाकली, तर पत्र निमूटपणे उघडेच जाते. ही पळवाट बुजविणारा एमटीए-एसटीएस हा संकेत २०१८ साली आला. मोठ्या मेल-कंपन्यांकडे वाटेवरचे हे कूटलेखन आपोआप होते, दुकानदारास त्यासाठी दमडीही मोजावी लागत नाही. पण दोन्ही मुक्कामांवर पत्र उघडेच असते; तेव्हा पासवर्ड चोरीस गेल्यास हा बंदोबस्त निरुपयोगी ठरतो, आणि दुहेरी पडताळणी लावण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

दुसरा मार्ग, पत्र लिहिणाऱ्याच्या यंत्रावरच ते बंद करून केवळ वाचणाऱ्याच्या यंत्रावर उघडण्याचा. डिफी व हेलमन यांनी १९७६ साली मांडलेली सार्वजनिक किल्लीची कल्पना त्याच्या मुळाशी आहे : एक किल्ली जगजाहीर, तिने कोणीही पत्र बंद करावे, दुसरी खासगी, तिनेच ते उघडावे. १९९१ साली फिल झिमरमन यांनी पीजीपी ही आज्ञावली लोकांच्या हाती दिली, त्याबद्दल निर्यातबंदी मोडल्याच्या संशयावरून अमेरिकी सरकारने त्यांची चौकशी आरंभली व १९९६ साली ती गुंडाळली. एवढ्या झगड्यातून तरलेले हे साधन कचेरीत मात्र रुळले नाही. १९९९ साली व्हिटन व टायगर या संशोधकांनी बारा जणांना पीजीपी वापरण्यास दीड तास देऊन पाहिले, तर जेमतेम एकतृतीयांश मंडळींना योग्य सही करून, नीट बंद केलेले पत्र धाडता आले. शिवाय परंपरेने विषयाची ओळ झाकली जात नाही. आणि खासगी किल्ली सांभाळणारा कारकून नोकरी सोडून गेला अन् तिची प्रत पेढीपाशी नसली, तर जुने दफ्तर मालकालाच कायमचे बंद होते. प्रमाणपत्रावर चालणारी एस-माइम ही याच जातीची पद्धत तुलनेने सोयीची असली, तरी पाच माणसांच्या पेढीने सरसकट सर्व पत्रे अशी बंद करावीत, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. मोजक्या गोपनीय कागदांपुरती ही पद्धत राखावी.

लहान पेढी खरी बुडते ती दुसऱ्या वैगुण्यापायी, म्हणजे खोट्या पत्रामुळे. ‘आमचे बँकखाते बदलले आहे’ एवढीच ओळ असलेले पत्र ओळखीच्या पुरवठादाराच्या नावाने येते आणि रक्कम भलतीकडे जमा होते. या जातीच्या फसवणुकीच्या २१,४८९ तक्रारी एकट्या २०२३ साली अमेरिकेच्या एफबीआयकडे आल्या व त्यांतील नुकसान २.९ अब्ज डॉलरांहून अधिक होते. मराठेशाहीतील पत्राच्या शेवटी मोर्तब उमटवीत, ते त्याखाली कोणी ओळ वाढवू नये म्हणून. डिजिटल स्वाक्षरी त्यापुढे जाऊन मधला एक आकडा फिरविला तरी ते उघडकीस आणते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये तिला कायदेशीर मान्यता आहे, आणि निविदांसाठी घेतलेले डीएससीचे, म्हणजे डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्राचे, टोकन अनेक कचेऱ्यांच्या खणात पडूनही असते. पीडीएफ बिलावर त्यानेच सही करता येते. नावाच्या गैरवापराविरुद्ध एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या नोंदी डोमेनवर लावाव्यात. तथापि एखादे अक्षर बदललेले नवे डोमेन घेऊन आलेला भामटा या सर्व चौक्या बिनदिक्कत ओलांडतो. यास्तव खातेबदलाची खातरजमा पूर्वीपासून ठाऊक असलेल्या दूरध्वनीवर, तोंडी करून घ्यावी; पत्रात दिलेल्या क्रमांकावर कदापि नाही. रक्कम गेल्याचे ध्यानी येताच बँकेस कळवून १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ फिर्याद नोंदवावी.